दोन ओळी सोड, पुढचा वाच

बारावीचे पेपर मी दोनदा लिहिले. एकदा माझे, आणि त्याच्या आदल्या वर्षी एका दादाचे.

दादाला जन्मापासून दिसत नव्हतं. तो कला शाखेचा, मी अकरावी सायन्सला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून मी नियमात बसत होते. आमच्या गल्लीतल्या काकूंनी आईला विचारलं, "तुमच्या पोरीचं अक्षर सुरेख आहे, आमच्या भाच्याचे पेपर लिहून देईल का?" आई म्हणाली, "विचारता काय, घेऊन जा." तोवर मी शेकडो पेपर दिले असतील, पण पेपर सोडवणं म्हणजे काय हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं.

ही आठवण निघायचं कारण असं. मी नागपुरात मानेवाड्याला घरीच दहावीची शिकवणी घेते, मराठी आणि इतिहास-भूगोल. मागच्या महिन्यात एका मुलीची आई दारात उभी राहिली. हातात मुलीचा मराठीच्या सरावाचा पेपर, ८० पैकी ५१. "मॅडम, येतं हो तिला सगळं. टाइमच नाही पुरला. घरी विचारलं तर घडाघडा सांगून राहिली." मुलगी मागे मान खाली घालून उभी.

हे वाक्य मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते आणि दर वेळी ते खरं मानते. कारण एकेकाळी ते माझंच होतं.

माझा दहावीचा बीजगणिताचा पेपर. आलेख काढून एकसामयिक समीकरणं सोडवायची होती. मला आलेख फार आवडायचा. प्रत्येक समीकरणाचे तीन-तीन बिंदू काढायचे, दोन रेषा ओढायच्या, त्या जिथं छेदतील ते उत्तर. त्या दिवशी माझी दुसरी रेषा तिन्ही बिंदूंतून जाईना. दोघांतून जायची, तिसरा थोडा बाजूला राहायचा. किंमत काढताना एक चिन्ह चुकलं होतं, पण मला वाटलं पट्टी हलली. खोडून पुन्हा ओढली. तरी तेच. मग चूक सापडली, तोवर खाडाखोडीनं कागद काळा झाला होता, म्हणून दुसरा आलेख कागद मागितला आणि अक्षांपासून सगळं नव्यानं काढलं. प्रमाण लिहिलं, बिंदूंना नावं दिली, रेषांच्या टोकांना बाण काढले. आलेख अगदी देखणा झाला. मान वर केली तर भिंतीवरच्या घड्याळात शेवटची बारा मिनिटं उरलेली, आणि अख्खा शेवटचा प्रश्न कोरा.

त्यातली दोन्ही गणितं मला येत होती. एक कसंबसं उरकलं. दुसऱ्याचं समीकरण मांडलं आणि घंटा झाली. पर्यवेक्षक बाईंनी उत्तरपत्रिका ओढली तेव्हा माझं पेन कागदावरच होतं, त्याची एक तिरपी रेघ पानभर उमटली. बाहेर बाबा कडुलिंबाखाली लूना लावून उभे होते. त्यांनी माझ्यासाठी उसाचा रस घेऊन ठेवला होता. "कसा गेला?" मी म्हटलं, "येत होतं सगळं." पुढे काही बोलता आलं नाही. बाबांनीही विचारलं नाही, ग्लास हातात दिला.

वर्षभर मी हेच धरून बसले होते की मला वेळ कमी पडला. मग दादा भेटला.

पेपर सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्यानं मला घरी बोलावलं. मला वाटलं, विषयांबद्दल काही सांगेल. त्यानं पुस्तकातला एक उतारा तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. "लिही. परीक्षेत लिहितेस तसंच लिही, घाई करू नको." मी लिहीत होते आणि तो माझ्या पेनाचा आवाज ऐकत थांबून थांबून पुढचे शब्द देत होता. पान भरलं तसं मी म्हटलं, "झालं."

त्यानं मनगटावरच्या घड्याळाची काच नखानं उचलली. टक्. तसलं घड्याळ मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. डबीच्या झाकणासारखी काच उघडते, आत तबकडीवर उठावाचे ठिपके असतात आणि काटे बोटाला लागतील असे. त्यानं तर्जनीचं टोक इतक्या अलगद फिरवलं की काटा जागचा हलला नाही. मग काच बंद. टक्.

"साडेसात मिनिटं," तो म्हणाला. "आणखी एक पान."

दुसरं पान सव्वासात मिनिटांत झालं, तिसरं आठ. चौथ्याला माझा अंगठा दुखायला लागला आणि नऊ लागली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुझं पान आठ मिनिटांचं धरू. म्हणजे तीन तासांत तू एकसारखी लिहीत राहिलीस तरी बावीस पानांच्या वर जात नाहीस. जादा वेळ मिळेल तो मोजू नको, तो वाचून दाखवण्यात जातो. मला चाळीस पानांचं येत असलं तरी कागदावर बावीसच जाणार. तर कोणती बावीस, ते मला आधी ठरवावं लागेल."

मी सोळा वर्षांची होते. मला किती येतं हे सगळ्यांनी मोजलं होतं, माझा हात किती चालतो हे कुणीच मोजलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याच्या सगळ्या पेपरांतला इतिहासाचा माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. आम्हाला वेगळी खोली होती, आम्ही दोघं आणि एक पर्यवेक्षक. दादानं आधी अख्खा पेपर वाचून घेतला, प्रत्येक प्रश्नाच्या गुणांसकट. मग पुन्हा एकदा. तो बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता. मी पेन उघडून बसलेली, जीव नुसता वर-खाली होत होता, कारण शेजारच्या वर्गातून पानं उलटल्याचा आवाज यायला लागला होता. तो शांतपणे म्हणाला, "आधी पाचवा घे."

मधे असहकार चळवळीवरचा प्रश्न आला. आता हा विषय त्याच्या फार जिव्हाळ्याचा. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या नागपुरात झालं आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब इथंच झालं. आदल्याच दिवशी त्यानं मला ते सगळं रंगवून सांगितलं होतं. चार आण्यांत सभासद होता येऊ लागलं, १५ जणांची कार्यकारिणी आली, प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे झाल्या. त्याच्या आवाजात असा अभिमान होता की बुर्डीच्या रस्त्यानं ती मंडळी आत्ताच गेली असावीत. मी मनात म्हटलं, आता दादा सुटणार.

त्यानं नागपूर अधिवेशनावर एक वाक्य सांगितलं. मी लिहिलं आणि पुढच्यासाठी पेन टेकवून थांबले. लेखनिकानं सुचवायचं नसतं, त्यामुळे तोंडातून शब्द काढणं शक्य नव्हतं. पण माझं पेन वाट पाहतंय हे त्याला ऐकू आलं असावं. काच उघडली. टक्. बंद झाली. टक्.

"दोन ओळी सोड. पुढचा वाच."

मला ते अक्षरशः लागलं. एवढं येत असताना? पेपर संपल्यावर बसस्टॉपकडे चालताना मी विचारलंच. तो म्हणाला, "जेवढ्या गुणांचा प्रश्न होता तेवढं बोलून झालं होतं. उरलेलं मला आवडत होतं म्हणून बोललो असतो. आवडीचे गुण कोण देतं? आणि मी दोन ओळी सोडल्या होत्याच ना." खरंच, शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा तो त्या जागेवर परत आला होता. चार आण्यांची वर्गणी आणि १५ जणांची कार्यकारिणी, दोन ओळींत दोन्ही बसलं. पेपर पूर्ण होता. एकही प्रश्न कोरा नव्हता.

त्या रात्री मला माझा आलेख आठवला. ती पंचवीस मिनिटं मी अवघड प्रश्नावर घालवली नव्हती. सगळ्यात आवडत्या प्रश्नावर घालवली होती.

पुढच्या वर्षी माझी बारावी झाली, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. पेपर सगळे पूर्ण झाले.

मी शिकवायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. जो प्रश्न येत नाही तो मुलांचा वेळ फारसा खात नाही. मूल थोडा वेळ पेन चावतं, छताकडे बघतं आणि पुढे जातं. वेळ खातो तो येणारा प्रश्न. मला हे नुसतं वाटत नाही, माझ्याकडे त्याचा लेखी पुरावा आहे. दर रविवारी मी पूर्ण पेपर घेते आणि प्रत्येक विभाग संपला की मुलांना समासात पेन्सिलीनं वाजलेली वेळ लिहायला लावते. (हे फक्त घरच्या सरावात. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत असं काही लिहायचं नसतं.) त्या पेन्सिलीच्या आकड्यांतून मला गुणांपेक्षा जास्त कळतं.

दहावीच्या कुमारभारतीचंच, म्हणजे मराठीच्या पेपरचंच घ्या. ८० गुण, तीन तास. विभागवार गुण असे: गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन (पत्र, बातमी, प्रसंगलेखन वगैरे) २४. म्हणजे सगळ्यात वजनदार विभाग सगळ्यात शेवटी. १८० मिनिटांना ८० नं भागलं तर एका गुणाला सव्वादोन मिनिटं येतात. मी पहिली दहा मिनिटं वाचनाला काढते आणि शेवटची दहा तपासायला. राहिली १६०, म्हणजे एका गुणाला सरळ दोन मिनिटं. हिशेब इतका सोपा झाला की परीक्षेच्या गडबडीतही डोक्यात राहतो.

मग घड्याळावर तो असा दिसतो. अकराला पेपर हातात. अकरा दहाला पेन उघडायचं. गद्य ११:४६ ला संपलं पाहिजे, पद्य १२:१८ ला, स्थूलवाचन बरोबर साडेबाराला. भाषाभ्यास एक वाजून दोन मिनिटांनी. उपयोजित लेखनाला ४८ मिनिटं, दोनला दहा कमी असताना ते पूर्ण. मुलांना मी सगळे आकडे पाठ करायला सांगत नाही. दोनच पुरतात, साडेबाराला स्थूलवाचन संपलेलं हवं आणि एकच्या सुमारास पत्राला हात घातलेला हवा. मधे पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. वीस झाली तर त्याच क्षणी कळायला हवं, दोन वाजता नाही.

त्या मुलीच्या आईसमोर मी तिचा पेपर उघडला आणि समास दाखवला. गद्य विभागापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, १२:१५. पेन अकरा दहाला उघडलेलं, म्हणजे एका विभागात एक तास पाच मिनिटं. गुण १८ पैकी १६. फार छान. मग शेवटचा विभाग. पत्र अर्धं, बातमीचं नुसतं शीर्षक, आणि ८ गुणांचं प्रसंगलेखन पूर्ण कोरं. २४ पैकी ७.

"आता हे बघा ताई," मी म्हटलं, "गद्यात हिला ३६ मिनिटं दिली असती तर किती गुण कमी झाले असते? सोळाचे चौदा झाले असते, फार तर तेरा. आणि जी अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ वाचली असती त्यात हिनं प्रसंगलेखन अख्खं लिहिलं असतं."

आई बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत होती. "म्हणजे अभ्यास कमी नाही पडला?" तिनं विचारलं. मी सांगितलं, नाही पडला. तिचा चेहरा एकदम सैल झाला. मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. घरात किती बोलणी खाल्ली असतील पोरीनं, मला कल्पना आहे.

वाचनाच्या दहा मिनिटांबद्दल थोडं बोलायला हवं. पूर्वी अकराच्या पेपरची प्रश्नपत्रिका दहा पन्नासलाच हातात यायची. २०२३ च्या परीक्षेपासून मंडळानं ते बंद केलं, कारण त्या वेळेत पेपरचा मजकूर मोबाइलवर फिरल्याच्या गोष्टी समोर येत होत्या. त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं जोडली, म्हणून आता तीन तासांचा पेपर दोन दहाला सुटतो; माझा हिशेब मात्र मी दोनपर्यंतचाच धरते. पेपरफुटीवर काहीतरी करणं भागच होतं. तरी मला ती आधीची दहा मिनिटं मोलाची वाटायची. लिहायला परवानगी नसायची, त्यामुळे मुलं नाइलाजानं का होईना वाचायची. आता पेपर हातात पडला की तिसाव्या सेकंदाला पहिल्या प्रश्नाचा क्रमांक लिहिलेला असतो. माझ्याकडे रविवारी अकरा दहापर्यंत सगळ्यांची पेनं टेबलाच्या मधोमध ठेवलेली असतात. सुरुवातीला पोट्टे फार चुळबुळतात.

त्या दहा मिनिटांत करायचं काय, तर निवड. 'कोणतेही दोन' मधले कोणते दोन, पत्र की सारांश, जाहिरात-बातमी-कथा यांतलं काय, प्रसंगलेखन की आत्मकथन की वैचारिक. हे सगळं तेव्हाच मनात ठरवून टाकायचं. कथेच्या आठ ओळी लिहून झाल्यावर 'यापेक्षा बातमी सोपी होती' असं आठवलं तर त्या आठ ओळी गेल्या आणि मनही विचलित झालं. दरवर्षी एक-दोन मुलं अशी असतात की तीनही लिहून टाकतात, म्हणजे सर चांगलं ते निवडतील. त्यांची समजूत घालायला मला बराच वेळ लागतो. जास्तीच्या उत्तराचे जास्तीचे गुण कुठून येणार?

आणि दादाची पानाची परीक्षा. ती मी जूनमध्येच घेते, पुन्हा दिवाळीनंतर. चार पानं सलग, घड्याळ लावून. प्रत्येकानं आपला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. कुणाचं पान सहा मिनिटांचं असतं, कुणाचं अकराचं. अकरावाल्याला मी कधीच 'भरभर लिही' म्हणत नाही. भरभर लिहायला गेला की त्याचं अक्षर जातं आणि हात आणखी लवकर दुखतो. त्याला मी कमी लिहायला शिकवते. प्रश्न पुन्हा उतरवून काढायचा नाही, 'वरील उताऱ्यात लेखकाने असे सांगितले आहे की' ही प्रस्तावना नको, पहिल्या ओळीत उत्तर यायला हवं. सहावाल्याला उलट सांगावं लागतं. तो सव्वा वाजता मोकळा होतो, खिडकीबाहेर बघत बसतो, आणि त्याच्या पेपरात निम्मे वेलांटी-उकार चुकलेले असतात.

करोनानंतरचं वर्ष मी विसरू शकत नाही. २०२१ ची परीक्षा झालीच नाही. २०२२ ला लेखी परीक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा मंडळानं ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला पाव तास वाढवून दिला होता. लोक म्हणत होते, एवढं कशाला. माझ्या घरात बसलेली मुलं बघायला हवी होती. दीड-दोन वर्षं मोबाइलवर शाळा. दुसऱ्या पानाला हात झटकायला लागायची, तिसऱ्याला पेन खाली. एकाचं पान चौदा मिनिटांवर गेलं होतं. हुशार मुलगा, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. लिहिणं हे अंगमेहनतीचं काम आहे, ते आपण नेहमी विसरतो. आम्ही रोज एक पान या हिशेबानं चार महिन्यांत चौदावरून नऊवर आलो.

हेच आता माझ्या भाच्याचं चाललंय. तो राज्यसेवेचा अभ्यास करतो, सकाळी आठला डबा घेऊन अभ्यासिकेत जातो तो रात्रीच येतो. इतकी वर्षं गोल काळे करण्यात गेली, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, यूपीएससीच्या धर्तीवर. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी २५० गुण, तीन तास, २० प्रश्न. दहा प्रश्न १० गुणांचे, १५० शब्दांत. दहा प्रश्न १५ गुणांचे, २५० शब्दांत. त्यानं मला हिशेब दाखवला: "मामी, दहावाल्याला सात मिनिटं, पंधरावाल्याला अकरा." मी बेरीज केली. सत्तर आणि एकशे दहा, एकशे ऐंशी. वाचायला, विचार करायला, पाणी प्यायला एक मिनिट उरत नाही. एकूण ४००० शब्द. तो म्हणाला, "येतं सगळं मामी, पण लिहून नाही होऊन राहिलं." त्यालाही मी आधी पान मोजायला लावलं. मग सांगितलं, सात म्हणजे सहात संपव. आठव्या मिनिटाला जे सुचेल ते कितीही सुंदर असो, ते पुढच्या प्रश्नाच्या वेळेतून आलेलं आहे.

दादासारख्या मुलांना मिळणाऱ्या जादा वेळेबद्दल लोक जे बोलतात ते मला सहन होत नाही. 'त्यांना काय, एक तास फुकट मिळतो.' केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं द्यायची असतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मी त्या खुर्चीत बसले आहे, म्हणून सांगते. पेपर दोनदा वाचून दाखवायचा. आपण नजरेनं एका सेकंदात वर जाऊन जो उपप्रश्न बघतो, तो त्याला माझ्याकडून पुन्हा वाचून घ्यावा लागतो. मागे काय लिहिलं ते हवं असेल तर तेही. एखादं नाव मला नीट कळलं नाही तर अक्षर-अक्षर सांगायचं. तो वेळ हक्काचा आहे आणि तोही पुरत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तर असाही निकाल दिला की ज्याला हाताच्या त्रासामुळे लिहिता येत नाही त्यालाही लेखनिक मिळाला पाहिजे, त्यासाठी ४० टक्क्यांच्या अपंगत्वाची अट लावता येणार नाही. माझ्याकडे कुणी आईवडील संकोचून 'ह्याचा हात फार थरथरतो' म्हणून आले की मी हा निकाल आवर्जून सांगते. आणि तुमच्या घरात नववीत, अकरावीत चांगल्या अक्षराचं मूल असेल तर त्याला एकदा लेखनिक म्हणून जरूर पाठवा.

आपल्याकडच्या उन्हाचंही तेवढंच. पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, अकरा ते दोन दहा, म्हणजे ऊन चढत जातं ती वेळ. पंखा डोक्यावर असेलच असं नाही. तळहाताखाली घडी केलेला सुती रुमाल ठेवावा, घामानं शाई पसरत नाही आणि हात कागदाला चिकटत नाही. साधं काट्यांचं घड्याळ मनगटावर असावं, स्मार्ट वॉच आत चालत नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ बंद असलेले वर्ग मी स्वतः पाहिलेत. दर घंटेला दोन घोट पाणी. पुरवणी शेवटची चार ओळींची जागा उरली असतानाच मागायची, पान संपल्यावर हात वर करून बसायचं नाही.

दादा आता बँकेत नोकरीला आहे. फोनवर भेटतो. दरवर्षी दहावीचे पेपर जवळ आले की विचारतो, "यंदा सगळ्यात जड हात किती मिनिटांचा?" मी आकडा सांगते.

परवा रविवारी पुन्हा मराठीचा पूर्ण पेपर होता. ती ५१ वाली मुलगी खिडकीशी बसली होती. अकरा सेहेचाळीसला मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं. तिचं गद्यातलं शेवटचं उत्तर रंगात आलं होतं, ओठ हलत होते, पेन भराभर चाललं होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं. पेन क्षणभर कागदावर टेकून राहिलं. मग तिनं बोटांनी दोन ओळी मोजल्या, त्या सोडल्या आणि पान उलटलं.

दीडच्या पुढे मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा तिच्या समासातला शेवटचा आकडा १:५२ होता, आणि प्रसंगलेखन दीड पान. बाकीचे अजून लिहीत होते. ती हात मांडीवर ठेवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

"मॅडम," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आठ मिनिटं राहिली. आता काय करू?"

मी फक्त पहिल्या पानांकडे बोट दाखवलं. ती एक-एक पान मागे उलटत त्या दोन ओळींपाशी आली आणि तिनं पेनाचं टोपण काढलं.